लाखेच्या बांगडीचे मोल

ऑक्टोबर २०२४ पासून सिकंदराबाद आणि वास्को यांच्या दरम्यान आठवड्यातून दोनदा थेट गाडी धावू लागली आणि गोमंतकीयांना हैदराबाद अधिक जवळचे झाले. औषधोपचार, मुलांचे शिक्षण, नोकरी अशा नाना कारणांनी तेथे जाणारा माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. लेकीसुनांसाठी, शेजारच्यांसाठी काहीतरी आणावे ही आपली जुनीच रीत आहे. मात्र हे 'काहीतरी' निवडताना जी बेफिकिरी दिसून येते, तिच्याविषयी लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मोत्यांचेच पाहा. समुद्रकाठी राहणारे आपण समुद्र नसलेल्या शहरातून मोती आणतो, यात थोडी गंमत आहेच! पूर्वी तेथे इराणच्या आखातातील मोती येत. आज पथरगट्टीच्या दुकानांत मांडलेले बहुतेक मोती चीनमध्ये गोड्या पाण्यात वाढविलेले असतात. हैदराबादचे खरे कसब आहे ते मोती विंधण्याचे, त्यांची प्रतवारी करण्याचे आणि ओवण्याचे. तेव्हा माल संवर्धित आहे की निव्वळ कृत्रिम, हे पावतीवर लिहून घेण्यास संकोच करू नये. बिदरीचे काम १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या आणि आज कर्नाटकात असलेल्या बीदरचे. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदी ठोकून बसवितात आणि बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांनी धातू काळा करतात. चांदी मात्र उजळ राहते. नुसत्या काळ्या रंगावर रुपेरी नक्षी काढलेली डबी म्हणजे बिदरी नव्हे. पोचमपल्लीचे वस्त्र घेताना ते उलटून पाहावे. सूत आधी बांधून रंगवीत असल्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंस सारखीच दिसते. छापील नकलेची मागची बाजू बहुधा फिकट असते.

परंतु आमचा मुख्य आग्रह आहे तो चारमिनारलगतच्या लाड बाजारातील लाखेच्या बांगड्यांविषयी. कासारणीकडून चुडा भरून घेण्याचे अगत्य ज्या प्रदेशात आहे, तेथील स्त्रियांना या भेटीचे मोल निराळे सांगावयास नको. निखाऱ्यावर लाख मऊ करावयाची, तिचे कडे वळवावयाचे आणि ती गरम आहे तोवर एकेक खडा हाताने बसवावयाचा, असे हे काम आहे. धग सोसल्यावाचून ते होत नाही. २०२४ साली या बांगड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची गोष्ट होय. पण मानांकनाने नक्कल आपोआप थांबत नाही. प्लॅस्टिकची चकाकती बांगडी शेजारीच स्वस्तात मिळते, आणि तिच्या भावाकडे बोट दाखवून आपला प्रवासी लाखेच्या बांगडीची किंमत पाडू पाहतो. ही घासाघीस आम्हांस अन्यायाची वाटते. दुकानदार आपला नफा सहसा सोडीत नाही. तूट शेवटी निखाऱ्यापाशी बसलेल्या कारागिराच्या मजुरीतून भरून निघते, आणि मग त्याची मुले दुसरा धंदा शोधू लागली तर नवल ते काय? पाच स्वस्त जोड आणण्यापेक्षा खऱ्या लाखेचा एकच जोड आणावा, तोही विचारून, पारखून.

आणि तो आणताना गाडीच्या खिडकीपाशी उन्हात मात्र ठेवू नये; लाखेला उष्णता सोसत नाही.