बुराडीचा घाट आणि उदगीरचे मैदान

मराठ्यांची मुख्य फौज इ. स. १७६० च्या प्रारंभी कोठे होती, असा प्रश्न नायगाव, देगलूर, उदगीर या टापूतील वाचकाला विचारला, तर उत्तर त्याच्या दारातच सापडेल. सदाशिवरावभाऊ, कोवळ्या वयाचे विश्वासराव आणि नुकताच पेशव्यांच्या चाकरीत आलेला इब्राहिमखान गारदी हे सारे निजामावर चालून मराठवाड्यात उतरले होते. त्याच वेळी शेकडो कोस दूर, दिल्लीच्या उत्तरेस यमुनेच्या उतारावर, दत्ताजी शिंदे मदतीची वाट पाहत उभा होता. उदगीरचा विजय आपल्या भागात अभिमानाने सांगितला जातो, पण त्याच पंधरवड्यांची ही दुसरी बाजू त्याला जोडून क्वचितच सांगितली जाते.

दत्ताजी हा राणोजी शिंद्यांचा पुत्र. थोरला भाऊ जयाप्पा १७५५ साली नागोरच्या वेढ्यात दग्याने मारला गेला, तेव्हा घराण्याचा सारा भार या तरुण सरदारावर आणि जयाप्पाचा मुलगा जनकोजी याच्यावर पडला. जनकोजीने तर अजून विशीही ओलांडली नव्हती. पेशव्यांनी उत्तरेची कामगिरी सोपविली तीही साधी नव्हती. लाहोरचा बंदोबस्त करावा, नजीबखान रोहिल्याचे पारिपत्य करावे, पुढे गंगा ओलांडून बंगालपर्यंत मजल मारावी आणि पुण्याच्या कर्जाची फेड होईल इतका पैसा आणावा, अशी ती होती. एका माणसाच्या हाती एवढी कामे आणि फौज मात्र बेताची. पुण्याच्या हिशेबात ही चूक होतीच.

नजीबने गंगेवर नावांचा पूल बांधून देण्याचे गाजर दाखवीत पावसाळा घालविला. शुक्रतालला वेढा पडला तो त्यानंतर. तो महिनोन् महिने रेंगाळला. तेवढ्यात अयोध्येचा सुजाउद्दौला नजीबच्या पाठीशी आला आणि पंजाबातून अहमदशाह अब्दालीच पुन्हा खाली उतरू लागला. डिसेंबर १७५९ मध्ये दत्ताजीने वेढा उठविला. ठाणेसरच्या बाजूस अब्दालीच्या आघाडीशी झटापट झाली. अब्दाली यमुना ओलांडून अंतर्वेदीत शिरला, नजीबला मिळाला आणि दिल्लीसमोर पैलतीरावर येऊन बसला.

मल्हारराव होळकर तेव्हा जयपूरच्या मुलखात गुंतले होते. त्यांना पत्रांमागून पत्रे गेली. दक्षिणेतून कुमक येण्याची तर आशाच नव्हती. जासूद कितीही दौडला तरी दिल्लीहून मराठवाड्यात येण्यास महिना लागे. बखरकारांनी मल्हाररावांवर नजीबला पाठीशी घातल्याचा ठपका ठेवला आहे. तो अगदीच निराधार नसला, तरी सारे खापर एकट्या मल्हाररावांच्या माथी फोडणे न्यायाचे वाटत नाही. दत्ताजीला मागे सरून त्यांना मिळण्याची वाट मोकळी होती. बायकामाणसे व जड सामान त्याने आधी मागे रवानाही केले होते. परंतु दिल्ली सोडली तर चाळीस वर्षांत कमावलेला दबदबा एका दिवसात जाईल, या विचाराने तो घाट धरून राहिला असावा.

१० जानेवारी १७६०, संक्रांतीचा दिवस. थंडीत यमुनेचे पात्र आटून तिचे अनेक प्रवाह होतात, मध्ये बेटे उघडी पडतात आणि त्यांवर माणसाहून उंच शेरणीचे रान माजलेले असते. रोहिल्यांनी नेमका याच रानाचा आडोसा घेतला. त्यांच्याजवळ लांब पल्ल्याच्या बंदुका होत्या, तर मराठ्यांचे बळ घोडा, भाला आणि तलवार यांत. मोकळ्या मैदानात जे स्वार वाऱ्यासारखे फिरत, त्यांना त्या झाडीत समोरचा शत्रूही दिसेना. घाटावरील ठाणे मोडते आहे असे पाहून दत्ताजी स्वतः पुढे धावला आणि गोळी लागून पडला. नजीबचा गुरू कुतुबशाह याने त्याला विचारलेला प्रश्न आणि मरणोन्मुख दत्ताजीने दिलेले उत्तर प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे; ते येथे पुन्हा लिहिण्याचे कारण नाही. कुतुबशाहाने त्याचे शिर कापून अब्दालीकडे पाठविले. काकाला सोडविण्यास धावलेल्या जनकोजीच्या दंडात गोळी शिरली. लोकांनी त्याला कसेबसे रणातून काढले.

जानेवारीच्या मध्यावर कोटपुतळीजवळ जनकोजीला मल्हारराव भेटले. मदत आली, ती अशी चारपाच दिवसांनी!

इकडे बुराडीची वार्ता दक्षिणेत पोहोचण्यापूर्वीच, ३ फेब्रुवारी रोजी, उदगीर-औशाच्या परिसरात भाऊंनी निजामाची फौज घेरून मोडली. सुमारे साठ लक्षांचा मुलूख, दौलताबाद, अशेरी, विजापूर, बऱ्हाणपूर अशी ठाणी तहात मिळाली. उत्तरेत दत्ताजीला जाऊन चोवीस दिवस झाले होते आणि येथे छावणीत कोणाला त्याचा गंधही नव्हता. बातमी आल्यावर पतदूर येथे, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातील परतूरला, मसलत बसली आणि मार्चच्या मध्यास भाऊ व विश्वासराव उत्तरेकडे निघाले. उदगीरच्या विजयाने आलेला आत्मविश्वास त्या मसलतीत किती बोलला असेल, हे सांगणे कठीण नाही. निजामाला हरविणारा तोफखाना अब्दालीलाही हरवील, हे गृहीतच धरले गेले.

१७ ऑक्टोबर १७६० रोजी भाऊंनी कुंजपुऱ्याची गढी घेतली. कुतुबशाह जिवंत हाती लागला आणि दत्ताजीचे जे झाले तेच त्याचे झाले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत पानिपत घडले. जनकोजी जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. त्या रणातून पाय जायबंदी होऊन वाचला तो दत्ताजीचा धाकटा भाऊ महादजी. १७७२ साली त्याच्यासह मराठी फौजांनी शुक्रताल आणि नजीबचा पत्थरगड दोन्ही जिंकले. नजीब त्यापूर्वीच, १७७० साली, वारला होता.