ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय, म्हणजे हार्ट अटॅक नाही?

कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर अजूनही अनेक घरांत आहे. समजा, सेलूतल्या एका घरात रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. घाम सुटलाय, डावा हात जड पडलाय. मुलगा बोटाला ऑक्सिमीटर लावतो. आकडा येतो ९८. "नॉर्मल आहे, गॅस असेल," म्हणत सकाळची वाट बघायचं ठरतं.

इथेच घात होतो. हे यंत्र बोटातून प्रकाश सोडून रक्तातल्या हिमोग्लोबिनचा किती भाग ऑक्सिजनने भरलाय, एवढंच मोजतं. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली तरी फुफ्फुसं ठीक असतील तर आकडा ९८ राहू शकतो. अटॅक शोधायला ईसीजी लागतो. दवाखान्यात पोचल्यावर तो १० मिनिटांत काढावा, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सेलूहून परभणी चाळीसेक किलोमीटर. सकाळची वाट बघणं परवडणारं नाही.

मग दवाखान्यात लगेच ऑक्सिजन का लावत नाहीत, यावरून नातेवाईक चिडतात. पण २०१७ मध्ये स्वीडनमधल्या ६,६२९ रुग्णांच्या अभ्यासात, ऑक्सिजन पुरेसा असलेल्यांना तो वरून देऊन मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून आता साधारण ९० च्या खाली गेल्यावरच तो देतात.

रक्तात ऑक्सिजन पोचणं आणि श्वास नीट चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडावा लागतो. ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाचा श्वास मंदावला तरी ऑक्सिमीटर बराच वेळ छान आकडा दाखवत राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साचतो. तो कॅप्नोग्राफवर दिसतो, ३५ ते ४५ नॉर्मल. सीपीआर चालू असताना हा आकडा एकदम उसळला, तर हृदय पुन्हा सुरू झाल्याची ती खूण असू शकते. नाडीच नसताना ऑक्सिमीटरचा मात्र भरवसा नाही.

घरी कॅप्नोग्राफ नसतो, डोळे असतात. माणूस बेशुद्ध आहे आणि मधूनमधून आचके देतोय, तर त्याला "श्वास चालू आहे" म्हणत नाहीत. १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवायचा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबायला लागायचं. ऑक्सिमीटर शोधत बसायचं नाही.