एक पेशी आणि एक पतंग

पावसाळा सरल्यावर एखाद्या काळोख्या रात्री आमच्या गोव्याच्या किनाऱ्यावर लाट फुटताच निळसर उजेड सांडतो. पाण्यात हात घातला तर बोटेही क्षणभर उजळतात. हा उजेड नॉक्टिलुका नावाच्या जीवाचा होय. लॅटिन भाषेतील या नावाचा अर्थच 'रात्रीचा दिवा'. हा जीव म्हणजे अवघी एक पेशी. पण रव्याच्या कणाएवढी, नुसत्या डोळ्यांनाही दिसणारी. पाणी हलले की तिच्यातील एका द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि ती लुकलुकते. तिला डोळे नाहीत, पाय नाहीत. तरी ती खाते, वाढते आणि दुभंगून एकीच्या दोन होतात. खाण्याची आवडनिवडही फारशी नाही.

आता हवाई बेटांवरील ब्लॅकबर्न पतंग पाहा. पंखांचा पसारा सुमारे १२ सेंटिमीटर, पोटाच्या दोन्ही बाजूंस नारिंगी ठिपके. अंडे, अळी, कोश आणि पतंग अशा चार अवस्थांतून त्यास जावे लागते. अळीचा हट्ट मात्र मोठा! वांगी-टोमॅटोच्या कुळातील झाडेच तिला हवीत. त्यांतही 'आइएआ' नावाचे देशी झाड हे तिचे मूळचे अन्न. गुरांनी व बकऱ्यांनी ती राने उजाड केली. बाहेरून आलेल्या मुंग्या अंडी-अळ्यांवर तुटून पडल्या. १९७० नंतरच्या काळात हा पतंग नष्टच झाला असे मानले जाई. १९८४ साली तो माउई बेटावर पुन्हा सापडला आणि २००० साली अमेरिकन सरकारने त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून केली. गंमत अशी की, दक्षिण अमेरिकेतून आलेले तंबाखूच्या जातीचे एक झाड आता अळीने आपलेसे केले आहे. तेथे ते तण समजतात. पण ते उपटण्यापूर्वी पाने तपासावी लागतात.

शरीररचना जितकी गुंतागुंतीची तितका जीव श्रेष्ठ, असे आपण वर्गात सहज बोलून जातो. मला ते आता तितकेसे पटत नाही. एका झाडावाचून पतंगाचे अडते; पेशीचे कोठेच अडत नाही.

पण पेशीची ही भरभराट सर्वांस मानवत नाही. अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात नॉक्टिलुकाची हिरवी जात दूरवर पसरते. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही ती तग धरते, कारण तिच्या पोटात राहणारे हिरवे सूक्ष्म शेवाळ तिला अन्न पुरविते. अशा थरांचा नाश होऊन ते कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू आणखी घटतो आणि मासे तेथून दूर जातात. लाटांतील उजेड पाहून किनाऱ्यावरचा पाहुणा हरखतो. रापण ओढणाऱ्याची नजर मात्र जाळ्यात किती मासळी आली याकडे असते.