लघवीची पट्टी आधी, अँका नंतर

गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातल्या हेमलकशात २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी अमेरिकेत अँथनी फाउची आणि शेल्डन वुल्फ यांनी १८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते आणि नाक, फुप्फुसे, मूत्रपिंडे नासवते, अशा आजाराचे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या दाहाचे, ते रुग्ण होते. १९५८ सालच्या एका ब्रिटिश पाहणीत या आजाराचे ८२ टक्के रुग्ण वर्षभरात दगावल्याचे दिसले होते. सायक्लोफॉस्फामाइड आणि स्टेरॉइड यांच्या जोडीने तो मृत्यू टळू शकतो, हे फाउची आणि वुल्फ दाखवत होते. इकडे हेमलकशात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्यापुढे मेंदूचा मलेरिया, क्षय आणि कुपोषण होते. त्या दोन जगांचा तेव्हा एकमेकांशी काही संबंध नव्हता. आता तो जुळू लागला आहे, कारण रक्ताचा नमुना नागपूर-मुंबईला पाठवता येतो आणि अहवाल मोबाइलवर येतो. म्हणूनच ‘अँका पॉझिटिव्ह’ या दोन शब्दांचा अर्थ गडचिरोलीच्या जंगलात काय घ्यायचा, हे नीट तपासून पाहायला हवे. माझ्या मते तो अर्थ मुंबईतल्या अर्थाहून वेगळा आहे. ही चाचणी इथेही हवी, पण तिची जागा रांगेत शेवटची आहे.

अँका म्हणजे आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या, न्यूट्रोफिलमधल्या, प्रथिनांविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांना ती मूत्रपिंडविकाराच्या काही रुग्णांत दिसली, तेव्हा संशय गेला तो डासांमार्फत पसरणाऱ्या एका विषाणूवर. १९८५ मध्ये डच आणि डॅनिश संशोधकांनी त्यांचा रक्तवाहिन्यांच्या दाहाशी असलेला संबंध पक्का केला. जुन्या पद्धतीत काचपट्टीवर अल्कोहोलने स्थिर केलेल्या न्यूट्रोफिलवर रुग्णाचा सीरम टाकतात आणि चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशीभर चमक दिसली तर ‘सी-अँका’, केंद्रकाभोवती दिसली तर ‘पी-अँका’. गंमत अशी, की ही दुसरी आकृती बऱ्याच अंशी अल्कोहोलची करणी आहे. त्याच्यामुळे मायलोपेरॉक्सिडेज हे धनभारित प्रथिन जागा सोडून केंद्रकाला चिकटते. शिवाय ल्युपसमध्ये आढळणारी, केंद्रकाविरुद्धची प्रतिद्रव्येही तशीच दिसून फसवू शकतात. म्हणून २०१७ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने क्रम बदलला. पीआर-३ आणि मायलोपेरॉक्सिडेज या दोन प्रथिनांविरुद्धची प्रतिद्रव्ये एलायझासारख्या दर्जेदार पद्धतीने थेट मोजावीत, चमकत्या आकृतीवर अडून राहू नये, असे ठरले.

पण पद्धत सुधारली तरी रुग्ण कोणत्या मुलखातला आहे, हा प्रश्न उरतोच. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेच्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या क्षयाचे रुग्ण तपासले. त्यांच्या रक्तातल्या अँकाचे स्वरूप रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या रुग्णांशी बरेच मिळतेजुळते निघाले. याच संस्थेने कुष्ठरोगातही अँका शोधले. मलेरियात ते आढळल्याच्या नोंदी आहेत. हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग झाला तर पीआर-३ विरुद्धची प्रतिद्रव्येही चढू शकतात, आणि त्या रुग्णाच्या लघवीतून रक्तही जाऊ शकते. म्हणजे हुबेहूब तोच आजार वाटावा. क्षय, कुष्ठरोग आणि मलेरिया ही गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांची जुनीच दुखणी. वरोऱ्याचे आनंदवन उभे राहिले ते कुष्ठरुग्णांसाठीच.

आता नुसता हिशेब म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. ताप, अशक्तपणा आणि सांधेदुखी असलेल्या १००० जणांची सरसकट अँका चाचणी केली. खरा आजार एकालाच आहे, आणि चाचणी निरोग्यांपैकी ५ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. एका खऱ्या रुग्णामागे पन्नास खोटे निघाले. तीच चाचणी संसर्ग वगळलेल्या, मूत्रपिंड झपाट्याने बिघडत असलेल्या १०० जणांवर केली आणि त्यांतल्या २० जणांना खरोखर आजार असला, तर चुकीचे फक्त चार निघतील. दोन्हीकडे यंत्र तेच, रसायन तेच. फरक पडला तो नमुना पाठवण्याआधी केलेल्या निवडीमुळे. आणि त्या पन्नास जणांतल्या एखाद्या क्षयरोग्याला स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड दिले, तर अहवालातल्या चुकीची किंमत तो जिवाने मोजेल. आतड्यातल्या स्ट्राँगिलॉइडिस जंतांचेही तसेच आहे. स्टेरॉइड मिळाले की ते अंगभर पसरतात.

ही निवड होते लघवीच्या पट्टीवर आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली. पट्टीवर रक्त आणि प्रथिन दिसले, सूक्ष्मदर्शकाखाली वेड्यावाकड्या तांबड्या पेशी आणि त्यांचे साचे दिसले, आणि मूत्रपिंड बिघडल्याचे दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन आठवड्यागणिक वाढत गेले, तर मूत्रपिंडाच्या गाळणीतच दाह आहे हे कळते. इथे मात्र स्थानिक पेच आहे. या पट्ट्यात सिकलसेल बराच आहे. चंद्रपूरच्या हिमोग्लोबिन-विकार संशोधन केंद्राचे २०२२ मध्ये लोकार्पण झाले ते त्यासाठीच. सिकलसेलमध्ये, अगदी नुसत्या वाहकातही, लघवीतून रक्त जाऊ शकते. सिकलसेलच्या रुग्णाच्या घोट्याजवळ चिघळणाऱ्या जखमा होतात आणि त्या रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या जखमांसारख्याच दिसतात. त्यात दाहाची सर्वात स्वस्त खूण असलेला ईएसआरही दगा देतो. विळ्याच्या आकाराच्या पेशींची एकावर एक चळत लागत नाही, त्यामुळे त्या सावकाश खाली बसतात आणि दाह असूनही आकडा कमी येतो. म्हणून इथे सीआरपी ही दाहाची दुसरी रक्तचाचणी जास्त भरवशाची, आणि लघवीत रक्त दिसले की सिकलसेलची तपासणी अँकाच्या आधी हवी.

यावर पहिला आक्षेप असा, की शहरातल्या माणसाला चाचणी आणि इथल्या माडिया आदिवासीला पट्टी, हा दुजाभाव झाला. चाचणी नाकारली असती तर तो झाला असता. इथे नाकारले जाते ते बिनकामाचे पॉझिटिव्ह, आणि हा क्रम मुंबईच्या रुग्णालाही लागू आहे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हा आजार आठवड्यांत मूत्रपिंड संपवतो, मग एवढा क्रम पाळायला वेळ कुठला? पण पट्टी, सूक्ष्मदर्शक, क्रिएटिनिन, मलेरियाचे स्मिअर, थुंकीची तपासणी यांना आठवडे लागत नाहीत. आणि क्रिएटिनिन वाढतेच आहे असे दिसले, तर अहवालाची वाट न पाहता, नमुना पाठवून, रुग्णालाही मूत्रपिंडाची बायॉप्सी होईल अशा ठिकाणी हलवायचे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडचे भामरागड तुटते, हे गृहीत धरून हा निर्णय लवकरच घ्यावा लागतो. शिवाय अँका निगेटिव्ह आले म्हणून निश्चिंत होता येत नाही. बारीक रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या काही रुग्णांत ते सापडतच नाहीत, आणि हिपॅटायटिस बी मुळे होणाऱ्या मध्यम धमन्यांच्या दाहात ते नसतातच. भारतात तरुण स्त्रियांत दिसणाऱ्या ताकायासू आजाराला तर निदान करणारी रक्तचाचणीच नाही. तिथे दोन्ही मनगटांची नाडी आणि दोन्ही दंडांचा रक्तदाब पाहणारा डॉक्टर लागतो.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. काही चाचण्या दुरून होतच नाहीत. अँकाचा सीरम वेगळा करून थंड ठेवला तर लांबचा प्रवास सोसतो. हिपॅटायटिस सी शी जोडलेल्या क्रायोग्लोब्युलिनचे नेमके उलट आहे. त्यासाठीचे रक्त काढल्यापासून सीरम वेगळा होईपर्यंत ३७ अंशांवर उबदार ठेवावे लागते, नाहीतर प्रथिन नळीतच थिजते आणि अहवाल खोटा निगेटिव्ह येतो. अशा रुग्णालाच शहर गाठावे लागेल, त्याला पर्याय नाही.

नागपूर-मुंबईच्या प्रयोगशाळांकडे एक मागणी आहे. अँकाच्या अहवालावर नुसते ‘पॉझिटिव्ह’ छापू नका. चाचणी कोणत्या पद्धतीने केली, प्रतिद्रव्य कोणत्या प्रथिनाविरुद्ध आहे, आकडा किती आणि तुमची मर्यादा किती, हे सगळे छापा. दोन्ही प्रथिनांविरुद्ध पॉझिटिव्ह आले, तर संसर्ग किंवा औषधाचा परिणाम तपासावा, अशी ओळही घाला. आणि मागणीपत्रावर लघवीचा अहवाल व क्रिएटिनिन यांचा रकाना सक्तीचा करा.