पवना-इंद्रायणी परिसरातील काळा पाषाण आणि त्यावरील गाळाचा थर

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा प्रदेश आज कारखान्यांमुळे सर्वपरिचित झाला आहे. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्याची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि तेव्हापासून पवना, इंद्रायणी व भामा या नद्यांच्या आसपासची जमीन सातत्याने खणली जात आहे. यंत्रांचे पाये, रस्त्यांसाठी घेतलेले उताराचे छेद, कूपनलिका, मोशीसारख्या ठिकाणच्या दगडखाणी या सर्वांमुळे जे भूस्तर एरवी दृष्टीआड राहिले असते, ते डोळ्यांसमोर आले. या छेदांवरून पृथ्वीच्या इतिहासाचा कोणता भाग समजतो आणि कोणता समजत नाही, हे पाहणे उद्बोधक आहे.

अशा एखाद्या खोल छेदात वरून खाली पाहत गेल्यास प्रथम काळी किंवा तांबूस माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण आढळतो. हा पाषाण सर्वत्र एकसारखा नसतो. काही थर घट्ट, कठीण आणि उभ्या भेगांनी चिरलेले असतात. खडी व बांधकामाचा दगड त्यांतूनच मिळतो. काही थर लहान लहान पोकळ्यांनी भरलेले, सहज भुगा होणारे असतात. त्यांना विहिरी खणणारे लोक मांजऱ्या म्हणतात. या पोकळ्यांत पुष्कळदा पांढरी खनिजे बसलेली दिसतात. क्वचित दोन थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा मातकट पट्टा आढळतो. तो गेरू होय.

या रचनेचा उलगडा होण्यासाठी पृथ्वीच्या अंतरंगाची थोडी ओळख आवश्यक आहे. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. तिचे बाह्य कवच भूखंडांखाली सामान्यतः ३५ ते ४० किलोमीटर जाडीचे आहे. त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आणि त्याच्या आत लोहप्रधान गाभा आहे. प्रावरण हा द्रवाचा साठा आहे, अशी समजूत पुष्कळदा आढळते. ती बरोबर नाही. प्रावरण अतितप्त असूनही वरच्या प्रचंड दाबामुळे घनरूपच राहते. मात्र त्यातील उष्ण भाग हळूहळू वर सरकू लागला, की त्यावरील दाब कमी होतो व त्याचा काही अंश वितळतो. हा शिलारस कवचातील भेगांतून भूपृष्ठावर आला म्हणजे त्यास लाव्हा म्हणतात, आणि तो थिजून जो काळा खडक बनतो तो बेसाल्ट, म्हणजेच आपला काळा पाषाण.

महाराष्ट्रातील लाव्हा मुख्यतः लांबच लांब भेगांतून बाहेर पडला. येथे शंकूच्या आकाराचे उंच ज्वालामुखी पर्वत दिसत नाहीत, याचे कारण हेच. सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तपमानाचा हा पातळ रस दूरवर पसरला आणि एकावर एक थर साचत गेले. थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत पाणी झिरपून झिओलाइट व गारगोटी यांसारखी खनिजे जमली. थराचा मधला भाग सावकाश निवाला. निवताना तो आकसला व त्यास उभ्या भेगा पडल्या. दोन उद्रेकांच्या दरम्यान पुरेसा अवकाश मिळाला तेथे आधीच्या थराचा पृष्ठभाग वाऱ्यापावसाने कुजला आणि नंतरच्या लाव्ह्याच्या उष्णतेने भाजून निघाला. गेरूचे पुष्कळ पट्टे अशा रीतीने बनले असावेत. म्हणजे पाषाण उद्रेकाची साक्ष देतो, तर गेरू दोन उद्रेकांमधील विश्रांतीची. कठीण व मऊ थर एकाआड एक असल्यामुळे डोंगरांना पायऱ्यांचा आकार येतो. या खडकांना ट्रॅप हे नाव पडले तेही जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पश्चिम महाराष्ट्रातील थरांच्या समूहांना इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड अशी याच परिसरातील नावे दिली आहेत.

या घटनेचा विस्तार ध्यानात येण्यास एक तुलना उपयोगी पडेल. १७८३ मध्ये आइसलंडमधील लाकी येथील भेगांतून आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा बाहेर पडला आणि त्या देशावर भीषण दुष्काळ ओढवला. दख्खनच्या लाव्ह्याने आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापले आहे. कोयना परिसरात संशोधनासाठी घेतलेल्या एका छिद्रात सुमारे ९३० मीटर जाडीचा बेसाल्ट भेदल्यावरच त्याखालचा ग्रॅनाइटसदृश खडक लागला. हा तळखडक अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. चाकणच्या पायाखालीही लाव्ह्याच्या तळाशी असाच कोणता तरी प्राचीन खडक असणार. परंतु येथील कोणतीही विहीर वा खाण तेथवर पोहोचलेली नाही.

बेसाल्टचे वय किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून काढतात. पोटॅशियमच्या एका प्रकाराचे मंद गतीने आर्गॉन वायूत रूपांतर होते. त्याचा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. खडक द्रवरूप असताना त्यातील आर्गॉन निसटून जातो, आणि तो थिजल्यावर नव्याने तयार होणारा आर्गॉन आत अडकून राहतो. या दोन घटकांचे प्रमाण मोजले, की खडक केव्हा थिजला ते कळते. अशा मापनांवरून दख्खनच्या लाव्ह्याचा फार मोठा भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, दहा लाख वर्षांहूनही कमी अवधीत बाहेर पडला, असे ठरते. त्या वेळी भारताचे भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस, आजच्या रियुनियन बेटाखालील उष्ण केंद्राच्या जवळ होते.

याच सुमारास मेक्सिकोतील चिक्शुलुब येथे एक प्रचंड अशनी आदळला आणि पक्षी वगळता डायनोसॉरांचे सर्व वंश नष्ट झाले. या संहारात दख्खनच्या उद्रेकांतून निघालेल्या वायूंचा वाटा किती, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप मतभेद आहेत. या वादाची उत्तरे चिंचवडच्या खाणीत शोधू जाता हाती काही लागत नाही, कारण तप्त लाव्ह्यात जीवाश्म टिकत नाहीत. ते मिळतात उद्रेकांपूर्वीच्या किंवा दोन उद्रेकांमधील तळ्यांच्या गाळात. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरांची हाडे व अश्मीभूत विष्ठा मिळाली. मुंबईच्या थरांतील लहानशा बेडकाचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्येच केले होते.

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. हा सारा काळ शंभर पृष्ठांच्या पोथीत समप्रमाणात मांडला, तर जीवसृष्टीच्या सर्वांत जुन्या विश्वसनीय खुणा तेविसाव्या पृष्ठाच्या सुमारास येतील. विविध प्राण्यांची रेलचेल एकोणनव्वदाव्या पृष्ठावर सुरू होईल, आणि आपला काळा पाषाण नव्व्याण्णवाव्या पृष्ठाच्या मध्यावर अवतरेल. त्यापुढे या प्रदेशातील पोथीची पाने जवळजवळ कोरीच आहेत. उद्रेक थांबल्यानंतर येथे साचण्यापेक्षा झिजणेच अधिक झाले. नद्यांनी लाव्ह्याचे पठार कोरून दऱ्या घडवल्या; कोरून काढलेला भाग वाहून गेला आणि त्याबरोबर सहा कोटींहून अधिक वर्षांचा पुरावाही गेला.

हे मौन संपते ते नदीकाठी. पाषाणाच्या माथ्यावर कोठे कोठे गोटे, वाळू व पिवळसर गाळ यांचे थर साचले आहेत. जाडीने ते काही मीटरच असतात आणि पोथीच्या हिशेबाने ते शेवटच्या ओळीतले. पण मानवाचा इतिहास त्यांतच आहे. चाकणच्या उत्तरेस जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी येथे अशा थरांत ज्वालामुखीय राखेचा पट्टा आढळला. ही राख दख्खनच्या ज्वालामुखींची नसून सुमात्रा बेटावरील टोबा येथून वाऱ्याबरोबर आलेली आहे. तिच्या सान्निध्यात अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे मिळाली. कऱ्हेकाठी मोरगाव येथेही अशीच राख सापडली आहे. ही राख टोबाच्या ७४,००० वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची, की सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, हा प्रश्न वादग्रस्त आहे. आणि महाराष्ट्रातील आद्य मानवाचे प्राचीनत्व बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. हे उत्तर राखेचा थर नेमका कोणत्या थरावर व कोणत्या थराखाली आहे, यावरून मिळते. थर एकदा उकरला गेला, की राख हाती राहिली तरी तिची साक्ष नाहीशी होते.

कुकडीप्रमाणेच पवना व इंद्रायणी यांचे पाणीही शेवटी भीमेस मिळते. त्यांच्या काठच्या गाळात काय दडले आहे, ते तो गाळ जाग्यावर असेपर्यंतच शोधता येईल. काळ्या पाषाणाची चिंता करण्याचे कारण नाही. खाणींनी डोंगर उतरले तरी खाली शेकडो मीटर पाषाण शिल्लक राहील. परंतु वाळूसाठी, विटांसाठी व भरावासाठी उपसला जाणारा गाळ पुन्हा त्याच क्रमाने साचणार नाही.

यात व्यावहारिक हिताचाही भाग आहे. बेसाल्टच्या घट्ट थरात पाणी राहते ते केवळ भेगांत. मुरूम, मांजऱ्याचे सच्छिद्र व झिजलेले थर आणि नदीकाठचा गाळ हेच येथील भूजलाचे खरे आश्रय होत. खाण किंवा खोल पाया यांनी असा थर छेदला, म्हणजे त्यातील पाणी खड्ड्याकडे निथळते व शेजारच्या विहिरीची पातळी उतरते. तेव्हा थरांची नोंद भूतकाळाच्या जिज्ञासेइतकीच पाण्याच्या गरजेसाठीही हवी.

याकरिता मोठा खर्च वा मोठी यंत्रसामग्री लागते असे नाही. पाया भरून टाकण्यापूर्वी छेदाचे मोजमाप घ्यावे, थरांचा क्रम व जाडी लिहून ठेवावी, गेरूचे पट्टे आणि राखेसारखे दिसणारे पांढरट थर यांचे नमुने जागेच्या नोंदीसह जपावेत. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे काम सहज करता येण्यासारखे आहे. खड्डा उघडा असतो तो थोडेच दिवस. त्यातील नोंद त्याच दिवसांत झाली पाहिजे.