फॉल्डचा स्फोट आणि हॅनबरी गावाचे स्मरण

इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यातील हॅनबरी या लहानशा गावात 27 नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस आहे. नोव्हेंबरच्या पूर्वार्धात साऱ्या ब्रिटनमध्ये युद्धात पडलेल्या सैनिकांचा राष्ट्रीय स्मृतिदिन पाळला जातो आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी हा दिवस येतो. परंतु 1944 साली गावाजवळच्या फॉल्ड येथील शाही हवाई दलाच्या दारूगोळा कोठाराचा स्फोट होऊन जी सुमारे 70 माणसे दगावली, त्यांतील बहुतेक जण सैनिक नव्हते, आणि त्यामुळे त्यांची आठवण जपण्याचा भार प्रामुख्याने गावावरच पडला.

फॉल्डचा डोंगर जिप्समचा आहे. जिप्सम हे भाजल्यावर प्लास्टर देणारे मऊ खनिज असून त्याच्या कोरीव कामाला योग्य अशा शुभ्र प्रकाराला अलाबास्टर म्हणतात. मध्ययुगीन इंग्रजी चर्चमधील थडग्यांवरच्या अनेक मूर्ती याच परिसरातील अलाबास्टरमधून घडल्या. खनिज काढून झाल्यावर मागे राहिलेली भुयारे कोरडी, प्रशस्त आणि शत्रूच्या विमानांपासून सुरक्षित असल्यामुळे हवाई दलाने महायुद्धाच्या तोंडावर तेथे बॉम्ब साठवण्यास प्रारंभ केला. मात्र शेजारच्या भागात खाणकाम आणि प्लास्टरचा कारखाना पूर्वीप्रमाणेच चालू राहिला, आणि भुयारांच्या डोक्यावर शेती होत राहिली.

27 नोव्हेंबर 1944 रोजी, सोमवारी सकाळी 11 वाजून 11 मिनिटांनी, या भुयारांतील साडेतीन ते चार हजार टन दारूगोळ्याचा स्फोट झाला. अप्पर कॅसल हेज हे शेत घर, गोठा, माणसे आणि गुरांसकट नाहीसे झाले, आणि त्या ठिकाणी सुमारे 30 मीटर खोल व 230 मीटर रुंद विवर पडले. त्याच धक्क्याने वरच्या अंगाचा जलाशय फुटला, त्याचे पाणी उडालेल्या मातीत मिसळून चिखलाचा लोंढा उताराने खाली आला आणि कारखान्यावर कोसळला. अधिकृत आकड्यांनुसार कोठारात मृत वा बेपत्ता झालेल्यांची संख्या 26 होती, तर कारखाना व आसपासच्या परिसरात ती 37 होती. शेतावरील सुमारे 7 जण याखेरीज. म्हणजे ज्यांचा दारूगोळ्याशी काहीही संबंध नव्हता, अशीच माणसे अधिक संख्येने मेली, आणि या घटनेचा विचार करताना ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यायला हवी. 18 जणांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत.

चौकशी झाली, पण तिचा निष्कर्ष 1974 पर्यंत जनतेसमोर आला नाही. त्या वर्षी जे संभाव्य कारण उघड झाले ते असे, की एका कामगाराने जिवंत बॉम्बमधून डेटोनेटर, म्हणजे मुख्य स्फोटकाला चेतवणारा छोटा स्फोटक भाग, काढताना नियमाने ठरलेल्या लाकडी पट्टीऐवजी पितळी छिन्नी वापरली. हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. अनुभवी माणसांची व देखरेखीची कमतरता असताना असे काम जिवंत साठ्याच्या शेजारी चालू ठेवणारी व्यवस्था छिन्नी धरणाऱ्या हाताइतकीच जबाबदार ठरते. आणि तीस वर्षे ज्या कुटुंबांना काहीच सांगितले गेले नाही, त्यांना अखेरीस केवळ एका मृत कामगाराची चूक सांगितली जावी, हे अन्यायाचेच होते.

मराठी वाचकाला येथे 1944 च्याच 14 एप्रिलची आठवण होणे स्वाभाविक आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावरील स्फोटकांनी गोदी उद्ध्वस्त केली, आणि त्या वेळी हुतात्मा झालेल्या 66 अग्निशामकांच्या स्मरणार्थ आजही देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. तेथे एका सेवेने आपल्या माणसांची आठवण राखली. गोदीत आणि आसपासच्या वस्तीत मेलेल्या असंख्य श्रमिकांना असा वाली लाभला नाही. हॅनबरीत शेतकरी, खाणकामगार, हवाई दलाचे कर्मचारी आणि युद्धकैदी यांचे स्मरण एकत्रच होते, ही तेथील वेगळी बाब आहे.

या युद्धकैद्यांचा उल्लेख सविस्तर करायला हवा. कोठारात इटालियन कैदी कामाला होते. सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने दोस्त राष्ट्रांशी युद्धविराम केल्यावर जे कैदी ब्रिटिशांना कामात मदत करण्यास राजी झाले, त्यांना ‘सहकारी’ असा वेगळा दर्जा मिळाला होता. त्यांतील काही जण फॉल्डला मरण पावले. नोव्हेंबर 1990 मध्ये, घटनेनंतर 46 वर्षांनी, लोकवर्गणीतून विवराच्या काठावर स्मारक उभे राहिले, तेव्हा त्यासाठी लागलेला पांढरा ग्रॅनाइट इटलीच्या हवाई दलाकडून भेट म्हणून आला. 2014 मध्ये सत्तराव्या स्मृतिदिनी आणखी एक स्मारक उभारण्यात आले.

स्फोटानंतरही कोठार बंद पडले नाही. उरलेल्या भुयारांचा वापर हवाई दलाने 1966 पर्यंत केला आणि पुढे काही वर्षे अमेरिकी सैन्याने केला. विवर मात्र तसेच ठेवण्यात आले, कारण त्याच्या तळाशी न फुटलेला दारूगोळा अजून आहे आणि तो काढण्याचा खर्च फार मोठा ठरवला गेला. आता तेथे झाडी वाढली आहे, कुंपणावर धोक्याच्या सूचना लावल्या आहेत आणि आत उतरण्यास मनाई आहे. ज्यांचे मृतदेह सापडले नाहीत त्यांच्या वारसांना याच कुंपणापर्यंत येता येते, आणि गावाचा स्मरणविधीही काठावरच होतो.