आतल्या आत साचलेली त्वचा

सायन-पनवेल महामार्गालगत कामोठ्यात एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांच्या पॅथॉलॉजी विभागात शस्त्रक्रियेत काढलेले अवयव फॉर्मालिनच्या बरणीतून येतात. त्यात वृषण असलं, तर पहिला संशय कर्करोगाचा. वृषणाच्या आतली घट्ट गाठ बहुतेक वेळा तशीच निघते.

पण शंभरात एखादी गाठ वेगळीच असते. सुरी फिरली की आत पांढरट-पिवळसर, भुसभुशीत ऐवज दिसतो. आडव्या कापलेल्या कांद्यासारखे थरावर थर! सोनोग्राफीतही अशीच काळी-पांढरी कडी एकात एक दिसतात आणि डॉपलर लावला तर गाठीत रक्तप्रवाह सापडत नाही. हिचं नाव एपिडर्मॉइड सिस्ट.

मायक्रोस्कोपखाली जे दिसतं ते मला अजून अद्भुत वाटतं. गाठीच्या भिंतीला आतून चक्क त्वचेचं अस्तर असतं. आपल्या अंगावरची त्वचा रोज मृत पेशी टाकते आणि आंघोळीत आपण त्या घासून काढतो. इथेही तेच चालू असतं, फक्त बाहेर जायला वाट नाही. नखांत आणि केसांत असतं त्याच कुळातलं केराटिन हे प्रथिन वर्षानुवर्षं आतल्या आत साचत जातं.

खरी कसोटी पुढे आहे. काय दिसलं, यापेक्षा काय दिसलं नाही हे इथे महत्त्वाचं. केसाचं मूळ, तेलग्रंथी, कूर्चेचा कण, यांतलं एक जरी सापडलं तरी गाठीचं नाव बदलतं. ती टेराटोमा, म्हणजे अनेक प्रकारच्या ऊतींची गाठ असेल, तर प्रौढ पुरुषात पसरूही शकते. म्हणून नमुन्याचा एखादा तुकडा पाहून भागत नाही, अख्खी भिंत तपासावी लागते. शेजारच्या शुक्रनलिकांत कर्करोगाची पूर्वावस्था किंवा जुना व्रण नाही ना, हेही पाहावं लागतं. 1969 मध्ये प्राइस यांनी अशा 69 गाठी अभ्यासून यांतले बहुतेक निकष मांडले. ते आजही वापरात आहेत.

शस्त्रक्रियेआधीच शंका आली, तर रुग्ण टेबलावर असतानाच फ्रोझन सेक्शन, म्हणजे गोठवलेल्या तुकड्याची तातडीची तपासणी करता येते. गाठ निरुपद्रवी ठरली, तर तेवढीच काढून वृषण वाचवता येतं. हा आजार बहुधा विशी ते चाळिशीतल्या पुरुषांचा, त्यामुळे त्या काही मिनिटांचं मोल फार मोठं.

ही गाठ सहसा दुखत नाही. कर्करोगाचीही बहुधा दुखत नाही. तेव्हा हाताला गाठ लागली तर लाजून थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.